‘देवाची काहीतरी योजना असेल’ म्हणणं जरा थांबवा

मंडळी, आज थोडं घरचं भांडण आहे. म्हणजे ज्या मराठी ख्रिस्ती लोकांत मी वाढलो, त्यांच्याशी. बाकीच्यांनी वाचायला काहीच हरकत नाही. ज्या सवयीबद्दल लिहितोय ती सगळीकडेच आहे. ‘होतं ते बऱ्यासाठीच’ हे काय फक्त आम्हीच म्हणतो? आमच्याकडे एवढंच की त्याला बायबलचं वचन जोडून मिळतं, त्यामुळे उलट बोलायची सोय राहत नाही.

सवय अशी. एखाद्याचा बेत मोडला, म्हणजे नोकरी गेली, व्हिसा नाकारला, ठरलेलं लग्न मोडलं, पोटातलं बाळ गेलं, की चोवीस तासांच्या आत कुणीतरी येऊन सांगतं, "काळजी करू नकोस, देवाची यापेक्षा चांगली योजना असेल." पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्योदयाच्या फोटोवर यिर्मया, अध्याय २९, वचन ११ येतं. हेच वचन कॉफीच्या मगवर असतं, फ्रिजच्या मॅग्नेटवर असतं आणि दहावीच्या मुलांना देतात त्या कार्डवरही असतं. थोडक्यात मतलब असा की तुमच्याबद्दल देवाच्या मनात भलं आहे, वाईट नाही, आणि पुढे आशेला जागा आहे.

वचन खरं आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे. पत्र कोणाला लिहिलंय हे न बघता त्यातली एक ओळ कापून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं कुरियर उघडून त्यातली भेटवस्तू आपली समजणं. तेव्हा आधी पत्ता वाचू.

पत्र गेलं बाबेलला. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सरने यरुशलेममधली कर्ती माणसं उचलून नेली: राजा, दरबारी, कारागीर, लोहार. आजच्या भाषेत, शहरातली सगळी स्किल्ड जनता. या लोकांचं करिअर, घर, जमीन, देऊळ सगळं मागे राहिलं. त्यांना एकच प्रश्न होता, परत कधी? यिर्मयाने उत्तर दिलं ते आपण मगवर छापत नाही, कारण ते अकराव्या वचनाच्या आधी आहे. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आणून टाकलंय त्या शहराचं भलं बघा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. कारण सत्तर वर्षं लागणार आहेत.

सत्तर! म्हणजे ज्यांनी हे पत्र उघडलं, त्यातले बहुतेक सगळे बाबेललाच मरणार होते. ‘भविष्य आणि आशा’ होती, पण ती नातवंडांची. तुमच्या पुढच्या अप्रेझलची नव्हे.

आता त्याच्या आधीचा, अठ्ठाविसावा अध्याय बघा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा आहे. यिर्मया गुलामीची खूण म्हणून मानेवर लाकडी जोखड घालून फिरत होता. हनन्याने मंदिरात भर गर्दीत जाहीर केलं की दोन वर्षांत सगळं परत येणार, माणसंही आणि मंदिराची भांडीही, आणि ते जोखड काढून मोडून टाकलं. लोकांना केवढा आनंद झाला असेल! मला यातलं सगळ्यात आवडतं ते यिर्मयाचं वागणं. तो आधी म्हणतो, आमेन, तसंच होवो. म्हणजे त्यालाही ते हवंच होतं. पण ते खरं नव्हतं. बायबल हनन्याला खोटा संदेष्टा ठरवतं आणि त्याचा गुन्हा एवढाच की त्याने दुःखी लोकांना देवाच्या नावाने लवकरची तारीख दिली.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरचं यिर्मयाचं वचन पुष्कळदा हनन्याच्या आवाजात वाचलं जातं, हे माझं म्हणणं.

इथे कोणी हुशार माणूस रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढेल: देवावर प्रेम करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून भल्यासाठीच होतात ना? होतात. पण ‘भलं’ म्हणजे काय ते पौल लगेच पुढच्याच वाक्यात सांगतो. ख्रिस्तासारखं घडणं. आणि पाच-सहा वाक्यांनंतर तो जी यादी देतो तीत छळ आहे, उपासमार आहे, अंगावर कपडा नसणं आहे, तलवार आहे. या गोष्टी येणारच नाहीत असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. त्या आल्या तरी ख्रिस्ताच्या प्रेमापासून आपल्याला तोडू शकत नाहीत, एवढंच तो म्हणतो. हे फार मोठं आश्वासन आहे, पण त्यात ऑनसाइट पोस्टिंगचा उल्लेख नाही :-)

दुसरा कोणी योसेफाची गोष्ट सांगेल. भावांनी विकलं, तुरुंगात पडला, शेवटी मिसरचा कारभारी झाला आणि म्हणाला की तुम्ही वाईट योजलंत, देवाने त्यातून चांगलं केलं. बरोबर. पण हे वाक्य कोण म्हणतंय ते बघा. ज्याला विकलं तो. कधी? कित्येक वर्षांनी, बाप वारल्यानंतर. कोणाला? घाबरलेल्या भावांना, त्यांना माफ करताना. खड्ड्याच्या काठावर उभं राहून खाली पडलेल्या पोराला हे वाक्य ऐकवणारा माणूस त्या गोष्टीत नाहीये. त्या काठावर फक्त विकणारे होते.

म्हणजे ‘यातून देवाने चांगलं केलं’ हे म्हणायचा हक्क ज्याचं मोडलं त्याचा आहे. शेजाऱ्याचा नाही, पाळकाचा नाही आणि कंपनीच्या एचआरचा तर नाहीच नाही.

आता कोणी म्हणेल, जाऊ दे रे, लोक चांगल्या मनाने बोलतात, तुझं काय जातं? माझं जात नाही. ज्याला ऐकवतात त्याचं जातं.

एक म्हणजे, ‘यापेक्षा चांगलं’ प्रत्येकाला मिळत नाही. आमच्या उपासनांमध्ये साक्ष द्यायची पद्धत आहे. साक्षेचा साचा ठरलेला: संकट आलं, प्रार्थना केली, आधीपेक्षा बरं मिळालं. नोकरी गेली, तीन महिन्यांत तीस टक्के हाइकने दुसरी लागली, आलेलुया. ज्याची नोकरी परत लागली नाही, जो पंचेचाळिसाव्या वर्षी निम्म्या पगारावर गेला, ज्या बाईला मूल झालंच नाही, त्यांना माइकवर कोणी बोलावत नाही. आपल्या धंद्यात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणा बघताना अब्राहम वाल्ड या गणितज्ञाचं म्हणणं होतं की जी विमानं परत आली नाहीत त्यांचा विचार करा. आपण दर रविवारी फक्त परत आलेली विमानं मोजतो. मग न परतलेला माणूस मागच्या बाकावर बसून हिशेब करतो की माझाच विश्वास कमी पडला असणार. काही दिवसांनी तो यायचा बंद होतो, आणि आपण म्हणतो, जगाच्या नादी लागला.

दुसरं, यात दोषी माणसं सुटतात. २००८-०९ ची मंदी, २०२० चा लॉकडाउन, २०२२-२३ ची कपात, तिन्ही वेळा आपल्या क्षेत्रातल्या लोकांनी बघितलंय की पंधरा मिनिटांच्या कॉलवर माणसाला कसं घरी पाठवतात. त्यातले काही निर्णय नाइलाजाचे होते, काही निव्वळ बेपर्वाईचे. बेपर्वाईला ‘देवाची योजना’ म्हटलं की चुकीचा अंदाज करून दुप्पट भरती करणारा मोकळा, आणि गेलेला माणूस देवाशी भांडत बसतो.

तिसरं मला सगळ्यात टोचतं. ते वाक्य म्हणायला काहीच खर्च येत नाही. ‘देवाची योजना असेल’ म्हटलं की तुझा ईएमआय कितीचा, मुलांची फी भरली का, हे विचारायची जबाबदारी संपते. अमेरिकेत एच-वन-बीवर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर दुसरी नोकरी शोधायला किंवा बाडबिस्तरा आवरायला साधारण साठ दिवस मिळतात. साठ दिवस म्हणजे नऊ आठवडेही नाहीत. त्यातल्या एका रविवारी कोणी त्याचा बायोडाटा मागून चार जणांना पाठवला तर ते सूर्योदयाच्या फोटोपेक्षा जास्त ख्रिस्ती काम आहे.

बरं, टीका पुरे. मग विश्वासाने वागणं म्हणजे काय? तर एक उदाहरण घेऊ आणि तेही आपल्याच मातीतलं. पंडिता रमाबाई.

जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळात बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचं लग्न झालं, १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला. रमाबाईंचं वय तेवीस. तेवीस! त्या वयात आपण कॅम्पस इंटरव्ह्यूत ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता’ याची उत्तरं पाठ करत असतो.

पुढचा बेत इंग्लंडला जाऊन डॉक्टर व्हायचा. १८८३ मध्ये गेल्या. पण ऐकू कमी येत होतं, वैद्यकीचं शिक्षण त्यामुळे बारगळलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी वॉन्टेज इथे बाप्तिस्मा घेतला. आणि बाप्तिस्म्यानंतर सगळं सुरळीत झालं का? छे. चर्चच्या अधिकाऱ्यांशी आणि तिथल्या सिस्टरांशी त्यांचे वाद सुरू झाले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, अमुक सिद्धान्त निमूट मानावा, अशा अपेक्षा होत्या, आणि रमाबाई निमूट मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. तो पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे, जरूर वाचा. श्रद्धा म्हणजे मान खाली घालणं असं ज्यांना वाटतं त्यांनी तर नक्कीच.

११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. पैसा अमेरिकेतल्या समितीने दहा वर्षांसाठी कबूल केलेला, सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं. प्लॅन एकदम सॉलिड. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून वादळ उठलं, सल्लागारांनी राजीनामे दिले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. बरोबर कोण होतं हा वाद आज उकरत नाही, दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं होतं. मुद्दा एवढाच की बेत परत मोडला.

मग त्यांनी केडगावला जमीन घेतली. कारण अगदी व्यवहारी: दहा वर्षांची मदत संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावं. म्हणजे फायनान्शियल प्लॅनिंगच. आणि १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात उपाशी फिरलेली ही बाई तिथे गेली आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आली. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावला त्याच शेतावर आणलं. तीच ‘मुक्ती’. आजही चालू आहे.

आता इथे आपली मंडळी टाळ्या वाजवतात. "बघा! कान गेले, म्हणून डॉक्टर झाल्या नाहीत, म्हणून मुक्ती उभी राहिली. देवाची योजना!"

थांबा. मग कॉलरा हाही योजनेतला टप्पा का? मेधावींचं मरण म्हणजे प्रोजेक्ट प्लॅनमधली एक ओळ? मध्य प्रांतात ज्या मुली रमाबाई पोचायच्या आधीच मेल्या, त्यांच्यासाठी कुठली योजना होती? आणि मनोरमेचं काय? ती आईचा उजवा हात होती, पुढे काम तीच बघणार हे सगळ्यांना माहीत होतं. जुलै १९२१ मध्ये ती गेली. त्यानंतर ‘यापेक्षा चांगलं’ काही आलं नाही. नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईही गेल्या. हे दुःख कुठल्याही साक्षेच्या साच्यात बसत नाही.

रमाबाई स्वतः देवाने सांभाळल्याबद्दल मोकळेपणाने लिहितात. तो हक्क त्यांचा, योसेफासारखाच. आपण त्यांच्या आयुष्याचा फ्लोचार्ट काढून प्रत्येक मरणापुढे बाण काढायचं कारण नाही.

मला त्यांच्यात दिसतं ते वेगळंच. बेत मोडला की ‘यामागे काय दडलंय’ हे शोधत त्या बसल्या नाहीत. आत्ता, इथे, समोर कोण आहे हे त्यांनी बघितलं. समोर उपाशी मुली होत्या, मग संत्र्या-आंब्यांच्या हिशेबाचं शेत त्यांना दिलं. डॉक्टर होता आलं नाही, पण संस्कृत येत होतं, भाषा येत होत्या. त्यातून शेवटी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत अख्खं बायबल झालं. मनोरमेच्या मृत्यूनंतरही ते काम चालू होतं. १९२४ मध्ये, त्यांच्या पश्चात, ते प्रसिद्ध झालं. घरं बांधा, बागा लावा, आहात त्या गावाचं भलं बघा: यिर्मयाचं पत्र नीट वाचलेली बाई होती ती.

पौलाचंही तेच. त्याला स्पेनला जायचं होतं, रोमच्या लोकांना तसं लिहूनही ठेवलं होतं. आधी फक्त एक काम, यरुशलेममधल्या गरिबांसाठी जमवलेले पैसे पोचवायचे. ते पोचवायला गेला आणि तिथेच पकडला गेला. दोन वर्षं कैसरियात कैद, मग बोट फुटली, मग रोमला पोचला तो बेड्यांत. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक संपतं तेव्हा पौल भाड्याच्या घरात पहाऱ्यात आहे आणि येईल त्याच्याशी बोलतोय. स्पेनचं काय झालं ते बायबल सांगत नाही. आपल्याला ही अशी फाइल ओपन ठेवणं जमत नाही, म्हणून आपण घाईघाईने ‘चांगली योजना’ टाकून तिकीट क्लोज करतो.

मग बेत करूच नयेत का? करावेत की. याकोब आपल्या पत्रात अशाच लोकांना झापतो जे म्हणतात, अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, धंदा करू, पैसा मिळवू. वाचताना वाटतं आपल्याच टीम लंचमधलं बोलणं ऐकतोय. पण तो जाऊ नका असं म्हणत नाही, ‘प्रभूची इच्छा असेल तर’ एवढं जोडा म्हणतो. तो शब्द बेताच्या आधी लावायचा आहे, आपला ताठा कमी करायला. बेत मोडल्यावर दुसऱ्याच्या जखमेवर चिकटवायला नव्हे.

आणि रडायचं असेल तर रडावं. स्तोत्रसंहितेतली मोठा हिस्सा भरेल इतकी गाणी तक्रारीची आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी ‘पण देव भला आहे’ असं शेपूट जोडलेलं नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. खुद्द येशूने गेथशेमानेत हा प्याला टळू दे म्हणून मागितलं, आणि तो टळला नाही. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसून होते तोवर ठीक होते. तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही.

आशा नाही असं मी म्हणत नाहीये. ख्रिस्ती माणसाची आशा पुनरुत्थानाची आहे, आणि पुनरुत्थित येशूच्या हातांवरही खिळ्यांच्या खुणा होत्याच. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य आशेबद्दल भूतकाळात बोलत चालले होते, त्यांचाही बेत मोडलेला. येशू त्यांना गाठतो. त्याला सगळं माहीत आहे. तरी विचारतो, काय झालं? आणि त्यांना सगळं सांगू देतो. नंतर चांगलंच फैलावर घेतो, वचनंही समजावतो, पण आधी पूर्ण ऐकून घेतो, आणि त्यांच्याबरोबर चालतो, उलट दिशेने का होईना.

तेव्हा पुढच्या वेळी कोणाचं काही मोडलं तर एवढं करा. वचन फॉरवर्ड करू नका. घरी जा. काय झालं ते विचारा आणि मधे बोलू नका. मग ईएमआयची तारीख विचारा, बायोडाटा मागा, मुलांना शाळेतून आणायचं असेल तर आणा. जाताना प्रार्थना करायची असेल तर करा, पण ती थोडक्यात करा आणि देवाच्या वतीने तारीख देऊ नका. ती चूक हनन्याने करून झाली आहे.

असो. उद्या सोमवार, स्टँडअप आहे. प्रभूची इच्छा असेल तर.